‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक: कॅनडात ओंटारिओतल्या किचनर शहरात ‘कम्युनिटी जस्टिस इनिशिएटिव्ह्ज’ ही स्वयंसेवी संस्था जे काम करते, तशा कामाची माहिती मराठी पालकांसाठी लिहायची आहे. ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि ज्याचं नुकसान झालं, त्यांना समोरासमोर बसवून ते कसं नीट करायचं हे ठरवायचं, याला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणू: पुनर्स्थापक न्याय, समेट न्याय की भरपाई न्याय? आणि ‘अपॉलॉजी’ला ‘माफी’ चालेल का?

सुलभक (अशा बैठका चालवणारा): ‘समेट’ टाळाच. 1974 साली किचनरजवळच्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी 22 ठिकाणी नासधूस केली. प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी आणि मेनोनाइट सेंट्रल कमिटी या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेचे डेव्ह वर्थ यांनी सुचवलं की, या पोरांनी नुकसान झालेल्यांच्या दारी स्वतः जावं. न्यायाधीशांनी ते मानलं. पोरं घरोघर गेली, नुकसान किती ते समोरासमोर ऐकलं आणि पुढे पैसे चुकते केले. त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमाच्या नावात ‘रिकन्सिलिएशन’ होतं, म्हणजे समेटच. नंतर अनेक ठिकाणी तो शब्द काढून ‘मीडिएशन’ किंवा ‘डायलॉग’ आला. कारण ‘समेट’ म्हटलं की ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर हातमिळवणीचं ओझं येतं. त्याला कदाचित ‘माझंच घर का?’ एवढंच विचारायचं असतं.

‘भरपाई’ने नुसता पैसा डोळ्यापुढे येतो. ‘मिटवणं’ तर नकोच. ‘प्रकरण मिटवलं’ म्हटलं की दडपल्याचा वास येतो. मथळ्यात ‘पुनर्स्थापक न्याय’ राहू द्या, पण आतल्या मजकुरात आपलं साधं क्रियापद वापरा: निस्तरणं. ‘केलेलं निस्तरणं’ यात कबुली येते, कष्ट येतात आणि काम पुरं करणंही येतं.

जुन्या कागदांची अभ्यासक: ‘निस्तरणं’ छान आहे, फक्त ‘आता निस्तर!’ असा दटावणीचा सूर त्याला चिकटलेला असतो. आज्ञार्थी रूप टाळा. ‘हे कसं निस्तरता येईल?’ असं प्रश्नार्थक ठेवा.

कुणी ‘गोतसभा’ सुचवेल, म्हणजे तंट्यांचा निवाडा करणारी जुनी गावसभा, म्हणून आधीच सांगते. मराठेशाहीत दोन्ही पक्ष आधी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे ‘होईल तो निवाडा मान्य’ अशी संमती. नोकरी सोडण्याचा अर्थ पुष्कळ नंतरचा. हरणारा ‘यजितखत’, म्हणजे हार कबूल असल्याचा कागद, लिहून देई. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम भरी, हरणारा ‘गुन्हेगारी’ म्हणजे दंड. म्हणजे निवाडा सभेचा, आणि हारजीत ठरलेली. किचनरच्या बैठकीत निवाडा कुणी देतच नाही, म्हणून ‘पंच’ही नको. शिवाय ‘पंचायत’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला जातपंचायत आणि वाळीत टाकणं आठवतं. त्या छळापायी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. माणसाला परत माणसांत आणणाऱ्या कामाला तो शब्द लावू नये.

सुलभक: अगदी बरोबर. बैठक चालवणाऱ्याला ‘सुलभक’ म्हणा. शिक्षक-प्रशिक्षणामुळे तो शब्द रुळलाय. ‘बळी’ म्हणजे माणूस गेलाच असं वाटतं, म्हणून ‘ज्यांना झळ बसली’ असं लिहा. ‘गुन्हेगार’ऐवजी ‘ज्याच्या हातून घडलं’.

आता ‘माफी’. मागायची ती माफी आणि द्यायची तीही माफीच. त्यामुळे एकाने मागितली की दुसऱ्याने दिलीच पाहिजे, असं आपोआप ध्वनित होतं. त्यात कोर्टातला ‘माफीचा साक्षीदार’ आहेच. ‘चूक कबूल करून खेद सांगणं’ लांबलचक वाटेल, पण तेच बरं. ‘दिलगिरी व्यक्त करणं’ नको, ती रेल्वेच्या उद्घोषणेतली भाषा झाली.

अनुवादक: मग बैठकीचे टप्पे कसे मांडू?

सुलभक: आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटायचं, गरज पडली तर दोनतीनदा. ही ‘पूर्वभेट’ गाळली की बैठक हमखास फिसकटते: पोरगा ‘मी एकटाच नव्हतो’ म्हणतो आणि समोरच्याची जखम पुन्हा उघडी पडते. जो घडलेलं नाकारतो त्याला बैठकीला आणायचंच नाही. प्रत्यक्ष बैठकीत प्रश्न साधे: काय झालं? तेव्हा मनात काय होतं? कुणाकुणाला झळ बसली? ते नीट करायला काय करावं लागेल? ‘असं का केलंस?’ विचारलं की पोरं सबबी सांगतात किंवा गप्प बसतात, म्हणून ‘का’ सुलभकाच्या तोंडी नको. झळ बसलेल्या माणसाने विचारलं तर तो त्याचा हक्क.

शेवटच्या कागदाला ‘कबुलीनामा’ म्हणू नका, पोलीस ठाणं आठवतं. ‘ठरावपत्र’ म्हणा, आणि नमुन्यात मोघम वाक्य ठेवू नका. ‘नुकसान भरून देईन व नीट वागेन’ यात मोजता येण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी: ‘दर दुसऱ्या शुक्रवारी 40 डॉलर, असे 6 हप्ते, संस्थेत जमा, पावती दोघांना. कुंपणाच्या 3 फळ्या महिनाअखेरपर्यंत बसवून रंगवणं, मालक घरी असतानाच.’ हप्ता चुकला तर आधी कुणाला कळवायचं, तेही त्यातच लिहायचं. हप्ता झेपणारा नसेल तर दुसऱ्याच महिन्यात थकतो आणि झळ बसलेल्याला पुन्हा फसवल्यासारखं वाटतं.

जुन्या कागदांची अभ्यासक: याला ‘सामुदायिक सेवा’ मात्र म्हणू नका. भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून तो शिक्षेचा एक प्रकार आहे. शिक्षा कोर्ट सुनावतं. कुंपणाच्या फळ्या दोघांनी बसून ठरवलेल्या असतात.

अनुवादक: पटलं. माझ्या मसुद्यातलं पहिलं वाक्य आहे, ‘आपणांस बैठकीस उपस्थित राहण्याचे आवाहन करण्यात येत आहे.’

सुलभक: ते समन्ससारखं वाचलं जाईल. असं करा: ‘यायचं की नाही, तुम्ही ठरवा. आलात आणि मधूनच उठावंसं वाटलं, तरी कुणी अडवणार नाही.’