दम्याला नुसता साल्ब्युटामॉलचा पंप: बंद करायचा की ठेवायचा?

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

करवीरकर

मत सरळच मांडतो. दम्याचं निदान पक्कं झालेल्या बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसता साल्ब्युटामॉलचा पंप लिहून देणं बंद व्हावं. 'जीना' ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून हेच सांगतेय. तरीही 'धाप लागली की दोन दाब मार' एवढ्याच सल्ल्यावर माणसं वर्षानुवर्षं चालतात, आणि काउंटरवर नुसतं नाव सांगितलं तरी पंप हातात पडतो.

कारण साधं आहे. साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. नळीच्या अस्तराची सूज आहे तशीच राहते. पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही, आणि आतली सूज वाढतच राहते.

पुरावा बघा. २०१८ च्या 'सिग्मा-१' चाचणीत सौम्य दम्याचे ३,८४९ रुग्ण होते. गरज लागेल तेव्हाच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (सूज उतरवणारं स्टिरॉइड आणि नळी सैल करणारं औषध एकाच पंपात, म्हणजे जोड पंप) घेणाऱ्यांत गंभीर अटॅक नुसत्या टर्ब्युटालिनपेक्षा (तेही साल्ब्युटामॉलच्याच जातीचं) ६४ टक्क्यांनी कमी झाले. रोज दोन वेळा स्टिरॉइड ओढणाऱ्यांइतकंच संरक्षण मिळालं, आणि स्टिरॉइड पोटात-फुप्फुसात गेलं ते त्यांच्या १७ टक्के. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या मृत्यूंची छाननी झाली. नोंद उपलब्ध असलेल्या १६५ मृतांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त आराम देणारे पंप लिहून दिलेले होते. आणखी काय हवं?

मिरजकर तिकटी

अर्धी चाचणी सांगितलीत. उरलेली मी सांगतो.

त्याच सिग्मा-१ मध्ये दमा 'उत्तम आटोक्यात' असलेले आठवडे रोज स्टिरॉइड घेणाऱ्या गटात ४४.४ टक्के होते, गरजेपुरता जोड पंप घेणाऱ्यांत ३४.४ टक्के. अटॅक टळला, पण रोजचा खोकला, रात्रीची जाग यांत रोजचा स्टिरॉइड पंपच सरस. ज्याला ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलेल्या धुरात रोज काम करायचंय, त्याला 'वाटलं तर ओढ' हा सल्ला पुरत नाही.

दुसरं, त्या चाचणीत सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ एक पंप ओढायचाच होता, काही गटांचा तो रिकामा, औषध नसलेला. म्हणजे सगळेच शिस्तीत. आपल्याकडचं वागणं त्यावरून कसं मोजणार?

तिसरं, ब्रिटनमधली ती बारा पंपांची आकडेवारी कारण सिद्ध करत नाही. ज्याचा दमा आधीच बिघडलाय तो जास्त पंप ओढणारच.

करवीरकर

शिस्तीचा मुद्दा रास्त, पण त्याचं उत्तर पुढच्याच वर्षी आलं. २०१९ ची 'नॉव्हेल स्टार्ट' चाचणी उघड होती (कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत), रिकामे पंप नव्हते, रोजच्या जगण्यासारखीच. प्रत्येक गटात साधारण २२० माणसं. गंभीर अटॅक: साल्ब्युटामॉल गटात २३, रोज ब्युडेसोनाइड घेणाऱ्यांत २१, गरजेपुरत्या जोड पंपाच्या गटात ९. रोजचा स्टिरॉइड पंप कागदावर उत्तम, प्रत्यक्षात माणूस तो दोन आठवड्यांनी कपाटात ठेवतो. जोड पंपाची खुबी हीच की आराम हवा असेल तर स्टिरॉइड ओढावंच लागतं.

आणि कारणाचा मुद्दा म्हणाल, तर उरलेले पुरावे चिठ्ठ्या टाकून (कुणाला कोणतं औषध हे नशिबावर सोडून) केलेल्या चाचण्यांचेच आहेत. ते मृत्यूंचे आकडे बाजूला ठेवले तरी माझं म्हणणं उभंच राहतं.

औषधांच्या काउंटरमागून

तुमचा वाद ऐकून कुणी मेडिकलमध्ये येऊन 'जोड पंप द्या' म्हणालं, तर तीन ठिकाणी घोळ होतो. आधी ते वाचा.

एक, फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल हाही जोड पंपच. पण साल्मेटेरॉल सावकाश काम करतं, पंधरा-वीस मिनिटं जातात. धाप लागल्यावर तो ओढून वाट बघत बसणं धोक्याचं. आराम देणारा म्हणून फक्त फॉर्मोटेरॉलवालाच चालतो, त्याचा परिणाम एक ते तीन मिनिटांत सुरू होतो.

दोन, फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमसोबत ब्युडेसोनाइड १००, २०० आणि ४०० अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं. सिग्मात २००/६ वापरलं होतं. ४०० वाली (पावडर ओढायची) कॅप्सूल गरजेप्रमाणे ओढायला घेतली तर चार वेळा ओढली की स्टिरॉइडचा मोठा डोस झाला. मोठ्या माणसाने २००/६ चे दिवसभरात बारा दाब ओलांडायचे नाहीत, आणि तिथवर पोहोचायची वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तीन, लेव्होसाल्ब्युटामॉल-बेक्लोमेथासोनचा पंप. 'यातपण स्टिरॉइड आहे की' असं लोक म्हणतात. २००७ च्या 'बेस्ट' चाचणीत अशाच जोडीने फायदा दाखवला खरा, पण तिथे एका दाबात बेक्लोमेथासोन २५० मायक्रोग्रॅम होतं. इथे सर्रास मिळणाऱ्या पंपात ५०. पाचपटीचा फरक. त्या चाचणीचं नाव या पंपाला चिकटवू नका.

गगनबावडा घाट

तुम्ही सगळे पंपातल्या औषधावर भांडायलाय. ओढतंय कसं माणूस, ते कोण बघंना.

रोटाकॅपची (पावडर ओढायच्या यंत्रातली) कॅप्सूल घालताना पारदर्शक टोक आधी आत जायला पाहिजे. चौकोनी भोकात पूर्ण दाबायची, मग तळ फिरवायचा म्हणजे कॅप्सूल दोन भागांत सुटते. श्वास बाहेर सोडायचा तो तोंड बाजूला करून, नळीत नाही. नळीत फुंकलं की पावडर ओलसर होऊन बसली. मग ओठ घट्ट आवळून जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद रोखायचं. उघडून बघायचं, पावडर उरली असली तर पुन्हा एकदा. शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

दाबायच्या पंपाचं बरोबर उलटं: हलवायचा, दाबताना सावकाश ओढायचं, तीन-चार सेकंद घेऊन. दोन्ही प्रकार हातात असलेला माणूस हमखास उलट करतो. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर एका वेळी एकच दाब. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

आता आमच्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते. महिन्याच्या कॅप्सूल बाटलीतून काढून कागदात बांधून ठेवल्या की पावडरीचे गोळे झालेच. आणि खरा अटॅक आला की जोरात ओढायची ताकद कुठली? अशा वेळी दाबायचा पंप आणि स्पेसरच. जोड औषध द्यायचं असलं तर त्या रूपात द्या, ते मिळतं.

मिरजकर तिकटी

हाच माझा मुद्दा होता. सिग्मातलं यंत्र वेगळं होतं, टर्ब्युहेलर. रोटाकॅपवर तेच आकडे लागू होतील हे गृहीतक आहे.

शिवाय साल्ब्युटामॉल 'बंद' करून चालणारच नाही. दवाखान्यात सौम्य ते मध्यम अटॅकची पहिली तासाभराची उपचारपद्धत अजून तीच: स्पेसरमधून १०० मायक्रोग्रॅमचे चार ते दहा दाब, दर वीस मिनिटांनी, सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या आणि लागेल तसा ऑक्सिजन. 'बंद करा' ही भाषा ऐकून कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रातला साठाच थांबवला तर?

करवीरकर

दवाखान्यातल्या साठ्याबद्दल मी बोललोच नाही. घरी, एकट्याने, दुसरं काहीच नसताना, एवढ्यापुरतं आहे. यंत्र वेगळं आहे हे मान्य. रेणू तेच आहेत आणि पर्याय म्हणून जे चाललंय त्यात स्टिरॉइड शून्य आहे.

जुना कंपाउंडर

खेडोपाडी पंप कोण घेतो साहेब? डेरिफायलीनची (थिओफायलीन गटातल्या औषधाची) सुई मारली की माणूस उठून घरी जातो. स्वस्त, आणि सवयीची.

औषधांच्या काउंटरमागून

जातो, पण बहुतेक वेळा सोबत दिलेल्या वाफेमुळे आणि स्टिरॉइडच्या सुईमुळे. तातडीच्या अटॅकमध्ये साल्ब्युटामॉलच्या जोडीला या गटातलं औषध शिरेतून दिल्याने मोठ्यांत जादा फायदा दिसत नाही, उलट्या आणि धडधड मात्र वाढते. थिओफायलीनचा उपकारक डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी. त्यात रुग्ण ताप-खोकल्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन (एक प्रतिजैविक) घेत असला तर रक्तातली पातळी चढते, पार फीट येण्यापर्यंत. सुई मारण्याआधी सध्या कोणती गोळी चालू आहे हे किती ठिकाणी विचारतात?

शिरोली एमआयडीसी

एक मोठी गल्लत राहून जातेय. वरचं सगळं दम्यापुरतं आहे. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली आजी किंवा तीस वर्षं बिडी ओढलेला मोल्डर (फाउंड्रीत साचे करणारा) यांची धाप बहुधा सीओपीडीची (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार). तिथे पाया लांब टिकणाऱ्या नळ्या रुंदावणाऱ्या औषधांचा, स्टिरॉइडचा नाही. रक्तातल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरमागे १०० च्या खाली असतील तर ओढायच्या स्टिरॉइडचा फायदा नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. ३०० च्या वर असतील आणि वारंवार अटॅक येत असतील तर द्यायला अर्थ आहे. कमी मात्रेच्या थिओफायलीनचाही तिथे फायदा दिसला नाही: २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या दीड हजारांवर सीओपीडी रुग्णांवरच्या चाचणीत थिओफायलीनवर वर्षाला सरासरी २.२४ अटॅक, आणि रिकाम्या गोळीवर २.२३.

फाउंड्रीतल्या वाळूची धूळ हा तिसराच प्रकार, सिलिकोसिसला कुठलाच पंप उपाय नाही.

म्हणून आधी स्पायरोमेट्री. फुंकून घ्यायचं, ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर अशी दोन्हींनी वाढली तर दम्याकडे कल. एकच अट पुरी झाली तर पुरेसं नाही.

गगनबावडा घाट

आणि पोरांचं काय? शाळेच्या दप्तरात अजून तोच पंप असतोय.

करवीरकर

न्यूझीलंडमध्ये ५ ते १५ वयाच्या ३६० मुलांवरची चाचणी २०२५ मध्ये आली. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ५०/३ चे गरजेप्रमाणे दोन दाब, समोर साल्ब्युटामॉल. अटॅकचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी. सगळा सौम्य दमा, हे लक्षात ठेवून वाचा. पाचच्या आतल्यांना त्यात धरू नका, त्यांना मास्क लावलेला स्पेसर आणि बालरोगतज्ज्ञ.

मिरजकर तिकटी

५०/३ ची मात्रा आपल्या दुकानात मागून बघा आधी. मग बोलू.