मदत हवी आहे: प्रदर्शनातली नाजूक कामं लोकांच्या हातांपासून कशी सांभाळावीत?

मंडळी,

आमच्या हौशी गटाचं सामूहिक कलाप्रदर्शन जवळ आलंय आणि तीन-चार कामांनी झोप उडवली आहे. काचेच्या पेट्या, पगारी रखवालदार असं काही आमच्याकडे नाही. गटातलेच लोक आळीपाळीने दालनात थांबतील. फ्रेममधल्या चित्रांचं एक वेळ निभावेल. पण न भाजलेल्या मातीचे पक्षी आहेत, त्यांच्या पंखांची टोकं पापुद्र्याएवढी पातळ. कागदाच्या लगद्याचे मुखवटे आहेत. छतापासून सोडलेल्या सुती दोऱ्यांचं एक मांडणशिल्प आहे, आणि ते बघितल्यावर त्यात शिरावंसं कुणालाही वाटेल.

‘कृपया हात लावू नये’ या पाट्यांचा अनुभव असा, की लोक पाटी वाचता वाचताच हात लावतात. वाईट हेतू नसतो कुणाचा. ‘हे खरंच कागदाचं आहे?’ एवढीच खात्री करायची असते. दोरी बांधावी तर लहान मुलं खालून जातात आणि मोठे अडखळतात.

त्यात यंदा एक विणलेला पट खास हात लावून पाहण्यासाठीच केलेला आहे, तोही त्याच दालनात. म्हणजे इथे लावा आणि तिथे लावू नका, हे न ओरडता कसं कळवायचं? तुम्ही असं काही हाताळलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

खात्रीच करायची असते हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, तर मग ती करू द्या. त्याच मातीचा, त्याच लगद्याचा एकेक तुकडा कलाकारांकडून मागून घ्या आणि ‘हा हातात घेऊन पाहा’ असं लिहून ठेवा. बोटांना उत्तर मिळालं की मूळ कामाकडे हात कमी जातात.

हातांपेक्षा मला धक्क्यांची भीती जास्त वाटते. 2023 मध्ये मायामीच्या कलामेळ्यात जेफ कून्स या अमेरिकन कलाकाराचा चिनीमातीचा निळा ‘बलून डॉग’ (फुग्यांच्या कुत्र्यासारखं शिल्प) फुटला, तो एका पाहुणीचा पाय पेडेस्टलला, म्हणजे खालच्या चौथऱ्याला लागून, असं गॅलरीच्या प्रतिनिधीने सांगितलं होतं. पेडेस्टल पोकळ असेल तर तळाशी वाळूच्या पिशव्या भरा. फोटो काढताना माणूस मागे न बघता सरकतो, पाठीवरच्या सॅकचं तर त्याला भानच नसतं. त्यामुळे फोटो काढायच्या जागेच्या मागे काहीही नाजूक ठेवू नका, सॅक दाराशीच ठेवून घ्या.

भाजलेली, ग्लेझ केलेली (काचेसारखा चकचकीत थर दिलेली) वस्तू मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सच्या, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या मेणाच्या ठिपक्यांवर बसवता येते. तुमच्या पक्ष्यांना मात्र ते लावू नका. कच्ची माती मेण शोषते, डाग पडतो. त्यांच्या बुडाभोवती कापडात गुंडाळलेल्या छोट्या खुंट्या बसवा. आणि धूळ बसली तरी ओलं फडकं अजिबात नको, माती विरघळेल. मऊ कोरडा ब्रश, तोही शक्यतो कलाकाराच्याच हातात.

प्रतिसाद २

नमुन्यांचं पटलं, पण ते मूळ कामाशेजारी ठेवले तर मुलांना सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटतं. हाताळायच्या सगळ्या वस्तू, तो पटसुद्धा, वेगळ्या भागात न्या आणि तिथलं टेबलाचं कापड, जमिनीवरची पट्टी, सगळं एकाच भडक रंगाचं करा. बाकी दालन पांढरं. मी हा भाग दाराजवळच ठेवेन.

हात लावायची परवानगी नंतर मागे घ्यायची वेळ येऊ नये, एवढं बघा. लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात 2010 साली आय वेईवेई या चिनी कलाकाराच्या चिनीमातीच्या कोट्यवधी सूर्यफूल-बियांवर लोकांना चालू दिलं होतं. धूळ उडायला लागल्यावर थोड्याच दिवसांत ते बंद करावं लागलं. पट मळणार, सैल होणार. कलाकाराला ते चालणार आहे का, आधीच विचारा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. पटाच्या कलाकाराला मळलेला चालेल, ते विचारून झालंय. रंगाची कल्पना उचलतोय. एक राहिलं: खरंच काही तुटलं तर?

प्रतिसाद १

मांडणीआधी प्रत्येक कामाचे चारही बाजूंनी फोटो आणि आधीच असलेल्या भेगांची नोंद. नुकसान कुणी सोसायचं ते कलाकाराच्या सहीने ठरवून टाका. दारात ‘नुकसानभरपाई वसूल केली जाईल’ अशी पाटी नको, त्याने भलेच लोक बिचकतात. 2024 मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या हेक्ट संग्रहालयात 4 वर्षांच्या मुलाने आत काय आहे ते बघायला सुमारे 3,500 वर्षांपूर्वीचा रांजण ओढला आणि तो फुटला. त्यांनी त्या कुटुंबाला पुन्हा बोलावलं, रांजण जोडून घेतला, आणि वस्तू काचेविना मांडायचं धोरणही सोडलं नाही.

स्वयंसेवकांनाही एक सांगून ठेवा: हात पुढे येताना दिसला की लांबून ‘ओ!’ करायचं नाही, माणूस दचकतो आणि नेमका तेव्हाच धक्का लागतो. शेजारी जाऊन ‘ही माती भट्टीत गेलेलीच नाही’ म्हणून गप्पा सुरू करायच्या.

दोऱ्यांसाठी: कडेच्या दोऱ्या ओढल्या जाणारच. त्याच सुताचा जादा रीळ आणि गाठ कशी मारायची ते कलाकाराकडून आधीच शिकून ठेवा.