तीन महिन्यांचा कोर्स आणि दारावर ‘समुपदेशक’ची पाटी?

सातरस्ता
काल आपल्या ग्रुपवर एका ताईंची पोस्ट फिरत होती. ‘तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स झाला, जुळे सोलापुरात घरीच समुपदेशन सुरू करतेय. डिग्री लागत नाही, ऐकून घेणारं मन लागतं.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. मी रात्रभर कुढत होते, म्हणून हा धागा.

मानसशास्त्रात बी.ए.ची तीन वर्षं, एम.ए.ची दोन, मग मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीत वर्षभर नुसत्या हिस्टऱ्या, म्हणजे पेशंटची आधीपासूनची सगळी कहाणी, लिहिल्या. सोबत सुपरव्हिजन. म्हणजे आपण पेशंटला काय बोललो ते शब्दन् शब्द उतरवून देखरेख करणाऱ्या मॅडमपुढे ठेवायचं आणि बोलणी खायची. एकदा एक पोरगा आला. तीन रात्री झोप नाही, तरी दमत नाही, डोक्यात चार धंद्यांच्या कल्पना. मी त्याच्या उत्साहाचं कौतुक केलं! मॅडमनी वही वाचली आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायला लावलं. तो उन्माद होता, म्हणजे मेनिया, मनाचा आजार. ऐकून घेणारं मन माझ्याकडेही होतं की. त्या मनाला काय कळलं?

शेंगाचटणी
झालं का तुमचं डिग्रीपुराण? कायदा काय म्हणतो ते बोला. केंद्राच्या पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला लागते, त्यासाठी एम.फिल. वगैरे. घरात बसून ‘समुपदेशन’ करणाऱ्याला आजवर कुणी हटकलंय? तुमची फी परवडत नाही म्हणून लोक ताईंकडे जातात.

सातरस्ता
२०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा वाचा. मानसशास्त्रज्ञ आणि वर्तन-आरोग्य समुपदेशक दोन्ही त्यात आहेत. हटकलं नाही म्हणून बरोबर ठरतं का? सिग्नल तोडणाऱ्यालाही सोलापुरात कुणी हटकत नाही.

होटगीरोड
माझ्या भावजयीला अशाच एका ‘कोर्सवाल्या’ बाईंकडे नेलं होतं. तिनं नवऱ्याबद्दल जे सांगितलं ते पंधरा दिवसांत हळदीकुंकवाला बायका एकमेकींना सांगत होत्या. ती आजही कुणाशी मनातलं बोलत नाही. बाकी चर्चा तुम्ही करा.

मास्तर_निवृत्त
आमच्या वेळी समुपदेशक नव्हते, तरी आमचं काही अडलं नाही. इथं नळाला रोज पाणी नाही, त्यानं निम्मं शहर वेडं झालंय. आधी पाणी द्या.

शेंगाचटणी
मास्तर, तुमच्या छडीनं किती जणांचं अडलं ते आम्हाला विचारा.

पूर्वभाग_बे
मी वेगळंच सांगालोय. माझी आई विड्या वळायची, घरात तेलुगू. छातीत धडधड, झोप नाही. डॉक्टरनं तपासून हृदय चांगलं आहे म्हणून समुपदेशनाला पाठवलं. बाई एम.ए., रीतसर. आई म्हणाली, ‘गुंडे दड.’ बाईंनी पेन सरसावून विचारलं, ‘कोणते गुंडे? कधीपासून त्रास देतात?’ तेलुगूत गुंडे म्हणजे हृदय ओ! आई घाबरली, तिला वाटलं पोलीस केस होणार. परत गेलीच नाही. आता सांगा डिग्रीचं.

होटगीरोड
हसू नये, पण हसलो.

सातरस्ता
हा डिग्रीचा दोष नाही. अशा वेळी दुभाषी घ्यायचा असतो.

पूर्वभाग_बे
दुभाषी कोण, माझी बहीण? बापाच्या दारूबद्दल आई पोरीच्या तोंडून बोलेल? तुम्ही पाच वर्षं शिकलात, त्यात अर्ध्या सोलापूरची भाषा शिकायचं कुणाला सुचलं नाही.

सातरस्ता
अर्ध्या नाही हं, उगाच फुगवू नका. आणि कन्नडही शिकू का? उर्दूही? सगळं समुपदेशकानंच करायचं?

पूर्वभाग_बे
होय, कन्नडही. अक्कलकोटकडून येणारी म्हातारी तुमच्यासाठी प्रमाण मराठी शिकून येणार आहे काय? ‘चिंता’, ‘नैराश्य’ हे तुमच्या पुस्तकातले शब्द. आमच्यात मराठी बोलणारासुद्धा ‘जीव लागंना’ म्हणतो.

शेंगाचटणी
बरोबर बे! त्यापेक्षा तीन महिनेवाली बरी.

पूर्वभाग_बे
तसं मी म्हणालो नाही. माझं नाव तुझ्या गाडीला जोडू नकोस. भाषा येते म्हणून उन्माद ओळखता येतो असं थोडीच आहे.

साखरपेठ_२६
ती पोस्ट माझी आहे. दोन दिवस नुसती वाचत होते. बारावीनंतर घरी शिलाई केली, बी.ए. बाहेरून दिलं. पुण्याला राहून एम.ए. करायला पैसे कोण देणार? माझी आईपण विड्यांचीच. तेलुगू माझ्या घरातली. कोर्समध्ये शेवटी सर्टिफिकेट आलं, सुपरव्हिजन हा शब्द इथं पहिल्यांदा वाचला. ‘डिग्री लागत नाही’ हे लिहायला नको होतं. इग्नूचं एम.ए. चालतं का?

सातरस्ता
आधी चालायचं, पण २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्राचे दूरस्थ कोर्स बंद केलेत. नियमित एम.ए. जवळपास कुठं जमतं का बघा, मानसशास्त्राचंच घ्या, इंटर्नशिप असेल ती खरोखर करा, सही-शिक्क्यापुरती नको. तोवर पाटी उतरवा. लोक आलेच तर ऐका, पण कुणी जीव देण्याचं बोललं तर एकटीनं सांभाळू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ भिंतीवर लिहून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते.

शेंगाचटणी
म्हणजे शेवटी ताईंना शिकवणी सुरू! मग आधी कशाला एवढं कुढलात?

सातरस्ता
कुढण्यासारखंच होतं, अजूनही आहे. साखरपेठ, मंगळवारी आमची ओपीडी असते. हिस्टरी कशी घेतात ते शेजारी बसून बघायचं असेल तर मॅडमना विचारते. हो म्हणाल्या तर या. आणि येताना ‘गुंडे’सारखे आणखी कुठले शब्द घोटाळा करतात त्याची यादी आणा. माझ्या वहीत गेल्या वर्षी एका बाईंच्या नावापुढे ‘गुंडांचा त्रास’ लिहिलेलं आहे.

पूर्वभाग_बे
अरे देवा.