मदत हवी आहे: आकडी येणाऱ्या जर्बिलला प्रदर्शनात न्यावे का?

मंडळींना नमस्कार. जर्बिलना (उंदरासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) लहान पाळीव प्राण्यांच्या प्रदर्शनात उतरवण्याचा अनुभव कोणाला असल्यास मला मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. घरी जर्बिलचे दोन नर आहेत, सख्खे भाऊ, वय सुमारे तेरा महिने. एकाची पाठ सोनेरी-तपकिरी आणि पोट पांढरे आहे, तर दुसरा पूर्ण काळा आहे. त्यांचे सगळे माझी मुलगी पाहते. मागच्या डिसेंबरात पणजीतल्या एका छोट्या प्रदर्शनात आम्ही सोनेरीला नेले होते. परीक्षकांनी त्याला डब्यातून ओंजळीत घेतले आणि त्याच क्षणी शेजारच्या ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने घोषणा झाली. त्याचे कान मागे चिकटले, मिशा थरथरू लागल्या, पाय ताठ झाले आणि तो कुशीवर कलंडला. मिनिटभरात तो उठून बसला, पण भोवती जमलेली माणसे वाकून पाहत होती आणि मुलगी माझा हात घट्ट धरून रडत होती. त्यानंतर घरी पिंजरा बदलला तेव्हा त्याला आणखी एकदा अशीच आकडी आली. जर्बिलमध्ये नवी जागा, गोंगाट किंवा हाताळणी यांमुळे अशी आकडी येऊ शकते, तिचा कल आनुवंशिक असतो आणि बहुधा औषधाची गरज लागत नाही, एवढे आम्हांला पशुवैद्यांकडून समजले आहे.

आता दिवाळीनंतर पुन्हा प्रदर्शन आहे आणि या वेळी मुलीला काळ्याला न्यायचे आहे. माझी खरी अडचण इथेच आहे. दोघे जन्मापासून एकत्र आहेत. जर्बिल एकमेकांना वासाने ओळखतात, आणि काही काळ वेगळे राहिलेले भाऊ परत एकत्र ठेवल्यावर रक्त निघेपर्यंत भांडू शकतात. सोबत म्हणून दोघांना न्यावे, तर सोनेरीला पुन्हा त्याच गोंगाटात ढकलल्यासारखे होईल. एकट्या काळ्याला न्यावे, तर घरी परतल्यावर काय होईल याची धास्ती वाटते. शिवाय आयोजकांच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्राणी स्वतंत्र डब्यात हवा.

दुसरा प्रश्न केसांचा आहे. हा मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या प्रदेशातला प्राणी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. चवथीच्या सुमारास दोघांचेही केस तेलकट होऊन झुपक्याझुपक्याने उभे राहिले. जर्बिल कोरड्या वाळूत लोळून केस साफ करतात, म्हणून सुरुवातीला मी समुद्रकिनाऱ्याची वाळू चाळून अशा अंघोळीला दिली, ही माझी चूक झाली, कारण तिच्यातले मीठ ओलावा ओढून घेते. दुसऱ्या दिवशी वाटीत ओला गोळा तयार झाला होता. काळ्याच्या नाकाभोवती तांबूस कडा दिसल्यावर मुलीला ते रक्तच वाटले. तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा लालसर स्राव होता. तो साचून राहिला तर नाकाची त्वचा चुरचुरते आणि केस झडतात. आता नाक बरे आहे, पण केसांवर पूर्वीची चमक नाही. पाण्याने अंघोळ घालायची नाही हे मला ठाऊक आहे. मग प्रदर्शनापूर्वी नेमके काय करावे?

प्रतिसाद

मी पुण्यात असताना काही वर्षे जर्बिल पाळले होते, आता मडगावला असतो. माझे मत स्पष्ट आहे: सोनेरीला नेऊ नका, आणि त्याच्यापासून पिल्लेही घेऊ नका. काळ्याला नेताना डब्यात नवा भुसा न घालता त्यांच्याच पिंजऱ्यातला वापरलेला भुसा भरा, म्हणजे त्याच्या अंगाला घरचाच वास राहील. चार-पाच तासांची ताटातूट बहुतेक भाऊ सहन करतात. तरी परतल्यावर लगेच एकत्र सोडू नका. पिंजऱ्यात मधे जाळी लावा, शक्य असेल तर दिवसातून दोन-तीनदा त्यांच्या बाजू बदला, आणि दोघे जाळीला लागून शांत झोपू लागले की जाळी काढा. प्रवासात पाण्याची बाटली गळते, म्हणून काकडीची एक फोड ठेवावी.

केसांसाठी नदीची बारीक वाळू स्वच्छ धुऊन कढईत कोरडी भाजा, पूर्ण थंड करा आणि रोज अर्धा तासच ठेवून उचला. वाटी पिंजऱ्यात दिवसभर राहिली तर वाळू पुन्हा दमट होते. सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच द्या. परीक्षकांना घट्ट, भरीव अंग आवडते, सुटलेले पोट नव्हे. शेपटी केसांनी पूर्ण झाकलेली आणि टोकाला झुपकेदार असावी. त्या शेपटीला टोकाकडून कोणालाही धरू देऊ नका, तिची कातडी सोलून निघते आणि परत येत नाही. हे परीक्षकांनाही आधीच सांगा.

धागाकर्ता

मनापासून आभार. मुलीशी बोललो, ती सोनेरीला घरी ठेवायला तयार झाली. काळ्याचाच अर्ज भरला आहे, आणि त्याला हातात न घेता डब्यातूनच पाहावे, तसेच ध्वनिक्षेपकापासून दूरची जागा द्यावी, अशी विनंती आयोजकांना लेखी केली आहे. वाळू आज भाजली. जाळीचे भोक किती मिलिमीटरचे ठेवावे, एवढे कृपया सांगावे, कारण बोटे आणि शेपटी अडकण्याची मला भीती वाटते.