अंगणवाडी की वडूजची नर्सरी? मुलगी साडेतीन वर्षांची होतेय

खटावची आई:
आमचं गाव वडूजपासून नऊ किलोमीटरवर. धाकटी जूनमध्ये साडेतीन वर्षांची होईल. गावात अंगणवाडी एकच, झेडपी शाळेच्या आवारात, पटावर चौदा मुलं. नाहीतर वडूजची इंग्रजी माध्यमाची नर्सरी; व्हॅन सकाळी साडेसातला पारावर येते. जाऊबाई म्हणतात, "अंगणवाडीत नुसता खाऊ मिळतो, पुढं पोरगी मागं पडेल." मी दोन दिवस तिथं जाऊन बसले. सेविकाताई गाणी छान घेतात, पण मधेच मोबाईलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, भरत बसावं लागतं. मदतनीसाची जागाही रिकामी. तरी लेक घरी यायला तयार नव्हती. चांगली अंगणवाडी ओळखायची कशी?

वडूजचा बाबा:
आम्ही दोघंही वडूजला नोकरीला, म्हणून नर्सरीच घेतली. मुलगा खूश आहे. पण तो आमच्याबरोबर गाडीवर येतो. एवढ्याशा पोराला नऊ किलोमीटर एकट्याला व्हॅनमधून पाठवलं नसतं.

पहिलीची बाई:
ताई, मी एकवीस वर्षं झेडपीत आहे, बहुतेक पहिलीलाच. जूनमध्ये नवीन मुलं आली की मी एबीसीडी विचारत नाही. एक गोष्ट सांगते आणि विचारते, "मग काय झालं?" जे पोर सलग तीन वाक्यं बोलतं, ते वाचायलाही लवकर लागतं, असं मी दरवर्षी बघते. हे बोलणं गाण्या-गोष्टींतून येतं, तेही घरच्या भाषेत. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलीची घाई नको. मणी ओवू दे, मटकी-हरभरा वेगळा करू दे, चिखल मळू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालवाडी उभी केली होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडी ते दुसरी.

आणि खाऊला कमी लेखू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो मुलांचा हक्क आहे. उपाशी पोराचं गोष्टीत लक्ष लागत नाही.

अकराच्या सुमारास न सांगता जा. दर महिन्याला वजन होतं का विचारा, वाढीचा तक्ता दाखवायला सांगा. मी सगळ्यात आधी खेळाची पेटी बघते: मुलांच्या हातात आहे की कपाटात कुलपाआड?

खटावची आई:
बाई, आज विचारलं. पेटी कपाटातच होती. ताई म्हणाल्या, "मी एकटी. चुलीकडं बघू का पोरांकडं? पेटी काढली तर आवरायची कुणी?" त्यांचा काय दोष? मदतीला जायला आम्ही चौघी आयांनी एकेक वार वाटून घेतलाय, माझा बुधवार. मदतनीस नेमा म्हणून अर्ज लिहिलाय, अकरा पालकांच्या सह्या झाल्या. सोमवारी वडूजला बालविकास प्रकल्प कार्यालयात देऊन येतो. व्हॅनवाल्याला नाही म्हणून कळवलं. जाऊबाईंनीही सही केली.