'ड्रॉप'ला मराठीत काय म्हणायचं?

रात्रपाळी
एका मासिकात दर महिन्याला नव्या इलेक्ट्रो, डान्स आणि इंडी गाण्यांवर दोन पानं लिहिते. कोणतं ऐकाच, कोणता रिमिक्स मूळ गाण्याला खाऊन टाकतो, कोणता नुसता गोंगाट, असं. या वेळचा मजकूर संपादकांकडून तपासून परत आलाय. माझं वाक्य होतं, 'ड्रॉप उशिरा येतो, पण आला की पाय थांबत नाहीत.' त्यातल्या 'ड्रॉप'वर काट मारून वर 'पतन' लिहिलंय. पतन उशिरा येते, पण आले की पाय थांबत नाहीत! शिवाय जिथे 'ट्रॅक' होता तिथे सरसकट 'गीत' झालंय. आठ मिनिटांत कुणी तोंडही उघडत नाही, त्याला गीत कसं म्हणायचं?

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी: ठेका आणि बेस काढून घेतात, वरचे आवाज चढवत नेतात, क्षणभर सगळं तोडतात आणि मग बेससकट ठेका एकदम परत सोडतात. तो क्षण म्हणजे ड्रॉप. बोलताना चालेल असा मराठी शब्द आहे का? परिभाषा कोशातला नको.

तिरकिट
'समेवर येणे' आहे की! तिहाई घेऊन, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आलं की मैफलीत माना डोलतात, तेच हे. शब्द घरात असताना बाहेर का शोधायचा?

रात्रपाळी
सम दर आवर्तनाला येते हो. ड्रॉप अख्ख्या गाण्यात दोनदा, फार तर तीनदा. दर सोळा मात्रांना ड्रॉप आला तर लोक घरी जातील.

तिरकिट
मग लग्गी म्हणा. ठुमरी संपत आली की तबलजी लग्गी सुरू करतो आणि पेंगणारेही सावरून बसतात.

जुनी तबकडी
लग्गीत लय दुप्पट होते. हाउस नावाच्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात लय हलत नाही, मिनिटाला १२० ते १३० ठोके, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच. तबल्यातूनच काही घ्यायचं तर 'लेहरा' घ्या. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला तीच ओळ तासभर फिरवत बसतो, ती म्हणजे 'लूप'च. आमच्या वडिलांनी अशी पेटी बरीच वर्षं वाजवली, आणि घरी आल्यावरही जेवताना बोटं ताटाच्या कडेवर तीच ओळ वाजवत. लूप हा शब्द मराठीत आणायची गरजच नाही असं माझं मत.

लक्ष्मी रोड
तुम्ही सगळे बैठकीत का शिरलात? ड्रॉप रस्त्यावर आहे. ढोल-ताशा पथकात हात, म्हणजे ठोक्यांचा नमुना, बदलायच्या आधी ढोल थांबतात, ताशे तर्री धरतात. ती तर्री दाट दाट होत जाते, मग टोलाच्या धातूच्या चकतीवर ठोका पडतो आणि सगळे ढोल एकत्र पडतात. इलेक्ट्रॉनिकवाले ड्रॉपच्या आधी स्नेअर ड्रमचा जो खडखडाट वाढवत नेतात ती तर्रीच. 'बिल्ड-अप'ला तर्री, आणि ड्रॉपला 'ठेका पडणे'. आम्ही 'ढोल पडला' असंच म्हणतो, 'वाजला' नाही.

रात्रपाळी
'तर्री लांबवली आहे, पण ठेका पडला की पाय थांबत नाहीत.' हे आवडलं! पुण्याबाहेर कळेल का?

शुद्धमती
पडणे म्हणजेच पतन. म्हणजे संपादकांचं बरोबर होतं.

लक्ष्मी रोड
पाऊस पडतो त्याला तुम्ही पर्जन्यपतन म्हणता का?

शुद्धमती
चेष्टा सोपी असते. दिनांक, महापौर, चित्रपट हे सावरकरांचे शब्द आज कुणाला खटकतात? शब्द वापरला की रुळतो, हसत बसलं की मरतो. ट्रॅक, रिमिक्स, इलेक्ट्रो, इंडी, ड्रॉप... एका वाक्यात पाच परके शब्द आणि क्रियापद तेवढं मराठी! 'रिमिक्स'ला 'पुनर्मिश्रण' म्हणायला काय हरकत आहे? स्वच्छ शब्द आहे.

गंगावेस
पुनर्मिश्रण म्हटलं की मला सिमेंटचा मिक्सर दिसतो.
आमच्याकडं रिमिक्स असं मोघम कोण बोलत नाही. हलगी मिक्स, संबळ मिक्स, ॲक्टिव्ह पॅड मिक्स, रोडशो मिक्स. गाणं तेच, पण हळदीला वेगळं आणि मिरवणुकीला वेगळं. पोरांना न ऐकताच कळतं कशात काय असणार. आणि ड्रॉपसाठी गाणी निवडायची वेगळी पानं कशाला, युट्यूबवर स्पीकर तपासायची 'साउंड चेक' गाणी बघा. त्यात ड्रॉपशिवाय दुसरं काही नसतंय. लई बेस.

जुनी तबकडी
'लई बेस' यात बेस म्हणजे खर्ज की छान?

गंगावेस
दोन्ही.

बर्डी
आणि हिंदीवाले 'बास' लिहितात. न्यूक्लिया या डीजेचा २०१५ चा अल्बम 'बास रानी' पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं कुणीतरी राणीला 'पुरे आता' म्हणतंय.

लक्ष्मी रोड
गंगावेसकर, तुमच्याकडे त्या स्पीकरच्या भिंतीला 'डीजे' म्हणत नाहीत ना? 'डॉल्बी' म्हणतात?

गंगावेस
डॉल्बीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सगळीकडं. 'यंदा डॉल्बी कुणाचा?' असं विचारायचं. पोलिसांच्या बैठकीतसुद्धा 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव'.

जुनी तबकडी
यातली गंमत अशी की त्या भिंतींचा डॉल्बी कंपनीशी काडीचा संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. म्हणजे नको असलेला आवाज कमी करणं हे त्या नावाचं मूळ काम! आमच्या कॅसेट प्लेअरवर 'डॉल्बी'चं बटण होतं, ते दाबलं की शिस्स् आवाज दबायचा. तेच नाव सातारा-सांगलीच्या चौकात खिडक्यांच्या काचा हलवतंय.

शुद्धमती
यालाच मी भाषेची हानी म्हणते. शब्दाचा अर्थ बरोबर उलटा झाला आणि कुणाला पत्ता नाही.

गंगावेस
हानी कसली ताई? चौकातल्या शेंबड्या पोराला कळतंय डॉल्बी म्हणजे काय. तुमचं पुनर्मिश्रण कुणाला कळलं?

की-बोर्डवाला
ऑर्केस्ट्रात उमेद घालवली, म्हणून 'ट्रॅक'वर बोलतो. रात्रपाळीताई, आमच्या लाइनीत 'ट्रॅक' म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकलेलं संगीत. 'तो ट्रॅकवर गातो' म्हणजे वादक नाहीत, पेनड्राइव्ह लावून गातो, आणि हे कौतुकानं म्हणत नाहीत. तुम्ही 'या महिन्याचे उत्तम ट्रॅक' असं छापलंत तर माझ्या वयाचे लोक कराओके समजून पान उलटतील. 'गीत' चूकच, पण 'ट्रॅक'ही बिनधोक नाही. नुसतं 'गाणं' म्हणा. मराठीत वाजवलेल्यालाही गाणं म्हणतात. 'बँडवाल्यांनी चांगलं गाणं वाजवलं' यात कोण गातं?

जुनी तबकडी
तुमचा 'ट्रॅक' म्हणजे जमैकातलं 'व्हर्जन'. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस गाण्यातला आवाज काढून उरलेलं संगीत तबकडीच्या मागच्या बाजूला छापू लागले. मग किंग टबीसारखा माणूस, मुळात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, त्याच संगीतातला एकेक आवाज मिक्सरवर काढत-घालत बसला आणि 'डब' झालं. रिमिक्सची पाळंमुळं तिथे आहेत. न्यूयॉर्कच्या डिस्कोत ते पुढे गेलं. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स या डीजेनं तीनेक मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या वर ताणलं, आणि बारा इंची सिंगल दुकानात विकायला आली. त्यात नवं काही गायलं नव्हतं, होतं तेच पुन्हा मांडलं होतं. म्हणून रिमिक्सला 'फेरमांडणी' चालेल. मिश्रण त्यात दुय्यम.

की-बोर्डवाला
पण आपल्याकडे २००० नंतर जे 'रिमिक्स' म्हणून टीव्हीवर आदळलं त्यात मूळ आवाज नव्हताच! नवी मुलगी आणून जुनं गाणं परत गाऊन घ्यायचं, खाली ठोके घालायचे. मी स्वतः असे ठोके घातलेत, मानधन बरं मिळायचं. कायद्यात ते 'कव्हर व्हर्जन'. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात ३१सी कलम आलं, त्यात मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं आणि रॉयल्टी आधी भरावी लागते. खऱ्या रिमिक्सची गोष्टच निराळी. त्यात कंपनी रिमिक्स करणाऱ्याला आवाज, बेस, ठेका असे सुटे भाग हातात देते. न विचारता केला तर तो बूटलेग. मराठीत तिन्हीला एकच शब्द, म्हणून आपल्या लोकांना रिमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याची वाट लावणं एवढंच आठवतं.

रात्रपाळी
अगदी! 'मूळ गाण्यापेक्षा रिमिक्स सरस' असं लिहिलं की पत्रं येतात. मला हवं ते हेच. एखादं साधं गिटारवरचं इंडी गाणं असतं, त्यातला आवाज तेवढा ठेवून खाली सगळं नवं घर बांधलेलं असतं. 'फेरमांडणी' लिहून बघते. 'बूटलेग'ला काय?

हणजूणकार
चोरटी.

होटगी जंक्शन
सगळे इंडी इंडी म्हणताहेत म्हणून विचारतो. सोलापुरात इंडी म्हणजे लिंबाचं गाव. आमच्याकडून विजापूरच्या गाडीत बसलं की इंडी रोड स्टेशन लागतं. 'नवी इंडी गाणी' वाचून वाटलं तिकडली कन्नड गाणी असतील.

जुनी तबकडी
कन्नड नाही, इंग्रजी 'इंडिपेंडंट'चं शेपूट तोडलंय. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलवर निघालेलं संगीत. ब्रिटनमध्ये १९८० पासून त्याची वेगळी क्रमवारी निघू लागली. पुढे लेबलाचं कुणी बघेना, गिटार वाजवण्याच्या एका धाटणीलाच लोक इंडी म्हणू लागले.

बर्डी
आणि नव्वदीतलं 'इंडीपॉप' म्हणजे इंडियन पॉप, ते तर मोठ्या कंपन्यांनीच काढलेलं. तोच उच्चार, अर्थ उलटा. डॉल्बीला नवा भाऊ मिळाला.

शुद्धमती
'स्वतंत्र' शब्द काय वाईट आहे?

रात्रपाळी
'स्वतंत्र गाणी' म्हटलं की कुणाची तरी चाल न चोरलेली गाणी असं वाटतं. ती कौतुकाची गोष्ट खरी, पण अर्थ वेगळा.

ऱ्हाइनकाठ
जर्मनीतून वाचतोय, उशीर झाला. 'इलेक्ट्रो'बद्दल एक: इथली माझ्या वयाची मंडळी टेक्नो, हाउस, सगळ्याच ठेकेदार संगीताला 'एलेक्ट्रो' म्हणतात. अमेरिकेत तो नेमका प्रकार आहे. १९८२ ला न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक'नं तो रुळवला, रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर. आणि त्यातली सुरावट घेतली होती आमच्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्ककडून. म्हणजे एकच शब्द अटलांटिकच्या दोन काठांवर दोन मापांचा आहे. शुद्धमती, आता याला 'विद्युत' म्हणायचं की 'विजाणू'? तसं क्राफ्टवेर्क म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. मराठीत त्या बँडचं नाव कोयना प्रकल्पावरून 'पोफळी' ठेवावं लागेल.

शुद्धमती
'वीजघर' हे बँडला उत्तम नाव आहे. चेष्टेत का होईना, तुम्हाला मराठी शब्द सुचला, याचा आनंद आहे.

की-बोर्डवाला
टीआर-८०८ म्हणालात म्हणून. त्याच १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी ८०८ आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र घेऊन दहा रागांची तबकडी काढली. सिनेसंगीतातला वादक माणूस. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि ऐकणारे म्हणाले की हे तर ॲसिड हाउस! शिकागोत ३०३ चं तसलं संगीत १९८७ ला आलं. तबकडीवर शब्द काय होता, तर 'डिस्को बीट'. चरणजितजींना तेवढाच पुरला. मागून येणारे नावं ठेवतात.

तिरकिट
नावं ठेवतात, दोन्ही अर्थांनी.

हणजूणकार
आमच्या गावात याला ट्रान्स म्हणतात आणि ड्रॉपला 'चढलं'. पडायचं नाही, चढायचं. नव्वदीत इथले डीजे डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, वाजवत, तबकड्या उन्हात वाकायच्या. डॅटवर वेग कमी-जास्त करता येत नसे, मग एका गाण्याच्या शेपटावर दुसऱ्याचं तोंड ठेवायचे. म्हणून त्या गाण्यांची तोंडं आणि शेपटं लांबलचक, ठेक्याशिवायची. तुमच्या तर्रीला पाच मिनिटं लागायची.

लक्ष्मी रोड
गोव्यात 'चढलं' म्हटलं की लोक दुसरंच समजणार.

बर्डी
मला केव्हाचं विचारायचंय. ही ताशाची तर्री आणि आमची तर्री एकच का? नागपुरात तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो चण्याचा झणझणीत रस्सा. वर तेल तरंगतं ते.

लक्ष्मी रोड
काहीतरीच. ताशाची तर्री हा ध्वनीवरून आलेला शब्द. तर्रर्र.

जुनी तबकडी
खाण्यातली तर्री बहुधा 'तर' वरून, फारसीतलं 'ओलं'. तरबतर, तरतरीत त्याच कुळातले असावेत.

तिरकिट
तरतरीत फारसी? मग तरतर हे अनुकरणवाचक नाही का?

गंगावेस
आमच्यात त्याला कट म्हणतात. तर्री बिर्री नाही.

शुद्धमती
तवंग!

लक्ष्मी रोड
तवंग फक्त वरचं तेल. खालचा रस्सा म्हणजे सँपल. आणि बघा, रात्रपाळीताई, 'सँपल' तुमच्या संगीतातही आहे: दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा उचलून आपल्यात घालायचा. मिसळीमुळे तो शब्द मराठीला आधीच पाठ आहे.

बर्डी
पण सँपल म्हणजे नमुना ना? मग पुण्यात दुसऱ्या वाटीचे पैसे का घेतात?

लक्ष्मी रोड
सगळीकडे घेत नाहीत. तुम्ही कुठे खाल्लीत ते आधी सांगा.