शब्दचर्चा : गाणी ‘भरावीत’, ‘टाकावीत’ की ‘उतरवावीत’?

प्रश्न (सांगली) : आमच्या गानप्रेमी मंडळातील ज्येष्ठ सभासदांसाठी मी म्युझिक प्लेअरच्या निवडीविषयी टिपण लिहीत आहे. बहुतेकांचा संग्रह सातआठशे जीबींचा आहे आणि २०१४ साली १६० जीबींचा आयपॉड क्लासिक बंद झाल्यापासून एवढे संगीत खिशात नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे मायक्रोएसडी कार्ड घेणारा प्लेअर. ‘१ टीबीच्या कार्डात सगळा संग्रह भरून घ्यावा’, असे मी लिहिले. पण ‘भरणे’ म्हणजे ध्वनिमुद्रण, असे सांगून एका सभासदांनी तो शब्द खोडला. योग्य शब्द कोणता? शिवाय ‘लॉसलेस’ला, म्हणजे आवाजातले काहीही न गाळता लहान केलेल्या फाइलीला, काय म्हणावे?

मिरज : सभासदांचे म्हणणे रास्त आहे. पूर्वी आम्ही फुलस्केपवर गाण्यांची यादी करून दुकानात देत असू आणि काही दिवसांनी कॅसेट ‘भरून’ मिळे. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे द्रुत ऐन रंगात आलेली असताना फीत संपे. शिवाय कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी खरखर वाढे. भरताना आवाज नव्याने मुद्रित होत असे, फाइलची प्रत करताना मात्र एकही बिट बदलत नाही. म्हणून पोथी उतरवतात तसे ‘उतरवणे’ म्हणावे.

सातारा : पोथी उतरवताना लेखनिकाच्या हातून अक्षर सुटतेच, तेव्हा आपल्याच निकषावर ‘उतरवणे’ अधिक सदोष ठरते. आपण हंडा भरतो, अर्ज भरतो, वीजबिलही भरतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. आमच्याकडे मोबाइलच्या दुकानात ‘कार्डात गाणी टाकून द्या’ असे म्हणतात, तोच जिवंत शब्द आहे.

मिरज : ‘जुनी गाणी टाकली’ या वाक्यातून ती कार्डात गेली की केरात, हे कळत नाही.

तासगाव : ‘लॉसलेस’विषयी लिहितो. ‘हानिरहित’ म्हटले की निरुपद्रवी असा अर्थ लागतो. एमपी३मध्ये कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळला जातो आणि व्याकरणात अशा गळण्याला ‘लोप’ म्हणतात. फ्लॅक या लॉसलेस प्रकारच्या फाइलीत सीडीचे तासाभराचे सुमारे ६३५ एमबी बरेच आकसतात, पण लोप कशाचाच होत नाही. म्हणून ‘निर्लोप’ हा शब्द मी आग्रहाने सुचवतो.

सातारा : ‘निर्लोप’ लोक ‘निर्लेप’ असे वाचतील. प्लेअर घेताना ‘फ्लॅक चालते का’ असेच विचारावे लागते. टिपणातही तेच असावे.

सांगली : आभारी आहे. आणखी एक अडचण अशी की, विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत असले तरी मध्ये खंड न पाडणारा प्लेअर घ्यावा, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ‘गॅपलेस’साठी मी ‘सलग वादन’ लिहिले आहे.

मिरज : ‘सलग’ उत्तम आहे, ‘वादन’ नको. आमच्या गावात सतार-तंबोरे घडतात; वादन माणसाच्या हातांचे, यंत्र नुसते वाजते.

सातारा : मग ‘लावणे’ घ्या. आपण रेडिओ लावतो, कॅसेट लावतो, तसा प्लेअरही लावावा.

मिरज : तंबोरा लावणे म्हणजे तो सुरात मिळवणे. काटा फिरवून स्टेशन नेमके मिळवावे लागे, म्हणूनच ‘रेडिओ लावणे’ रूढ झाले असावे, असे माझे मत आहे. प्लेअरमध्ये मिळवण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे हा शब्द मला पटत नाही.

तासगाव : दिवाही लावतो आणि दारही लावतो. त्यांत काय मिळवायचे असते?